ढब्बूचा खाऊ

जो दातांचा डॉक्टर मुलांना रोज बजावतो की गोड खाऊ नका, चिकट खाऊ नका, दोन जेवणांच्या मध्ये काही तोंडात टाकू नका, त्याच डॉक्टरनं स्वतःच्या दवाखान्यातल्या कासवाला दिवसातून तीस वेळा चारावं, याला काय म्हणायचं? मावशीनं याला जे म्हटलं ते सगळं काही इथे लिहिता येणार नाही. पण ते तिनं भरल्या दवाखान्यात, पेशंट मुलं आणि त्यांच्या आयांच्या देखत म्हटलं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता.

मावशी म्हणजे त्या दवाखान्यातली मदतनीस. वय पंचावन्न, उंची बेताची, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर पोचेल असा. एकोणीस वर्षं तिथेच. सकाळी नऊला कुलूप उघडायचं, हत्यारं उकळून ट्रेमध्ये मांडायची, दातांच्या ठशांसाठी प्लास्टर कालवायचं, आणि पोरगं तोंड मिटायला लागलं की एका हातानं त्याचा जबडा आणि दुसऱ्या हातानं त्याच्या आईचा धीर धरून ठेवायचा. मुलं तिला तिखटमावशी म्हणायची. कुणी बेसिनच्या बाहेर चूळ टाकली की तिचा पारा चढे. कुणी दहा मिनिटं उशिरा आलं की चढे. कुणी वेळेच्या आधी आलं तरी चढे, कारण खुर्च्या पुसायच्या राहिलेल्या असत.

ती पहिल्यापासून अशी नव्हती, असं जुने पेशंट सांगतात. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून बिघडली. नवरा बस दुरुस्त करणारा फिटर, हत्तीसारखा गडी. त्याला मधुमेह झाला, पायाची जखम बरी होईना, मग मूत्रपिंडं गेली, मग तोही गेला. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात उरल्या सून आणि ऐंशीची सासू. दोघींचं भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. भाजी आणली का, दिवा घालवला का, औषध घेतलं का. गेलेल्या माणसाबद्दल दोघी मूग गिळून बसत.

आणि एक वाक्य असं होतं की ते ऐकलं की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ‘एवढ्याशानं काय होतंय?’ कुणीही म्हणो, कशाबद्दलही म्हणो. चॉकलेटबद्दल म्हणणाऱ्या एका आजोबांना तिनं जिन्यापर्यंत झापत नेलं होतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आता कासवाकडे येऊ. चार वर्षांपूर्वी डॉक्टरनं बिस्किटाएवढं एक पाण्यातलं कासव विकत आणलं आणि बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत ठेवलं. कानामागे तांबडी रेघ, पोट पिवळं, चेहरा कायम वैतागलेला. त्या आठवड्यात एक मुलगी काही केल्या तोंड उघडेना. डॉक्टर तिला म्हणाला, “आ केलंस तर कासवाला खाऊ घालायला मिळेल.” पोरीनं असा आ केला की अक्कलदाढेची जागासुद्धा दिसली. झालं! रिवाजच पडला. दात कोरून झाला की मुलानं चूळ भरायची, टाकीपाशी जायचं, बरणीतून चिमूटभर सुकी कोळंबी घ्यायची आणि पाण्यात टाकायची. कासव मान वर काढून, चारही पाय मारत धावत यायचं. बधिर गालानं मुलं वेडीवाकडी हसायची. त्यांनीच त्याचं नाव ठेवलं ढब्बू. डॉक्टरची कीर्ती अशी पसरली की लांबलांबची पोरं स्वतःहून दात दाखवायला यायला लागली.

ही युक्ती मावशीलाही फार आवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिली दोन वर्षं बरणी तीच भरायची, आणि संध्याकाळी पेशंट संपले की स्वतःच्या हातानं एक शेवटची चिमूटही तीच टाकायची.

तिसऱ्या वर्षी ढब्बूच्या पायांच्या मुळाशी मांसाच्या वळ्या दिसायला लागल्या. पाय कवचात ओढून घ्यायला गेला की मान बाहेर यायची, मान आत घेतली की पाय बाहेर. मुलं हसायची. मावशीही हसली. मग चौथ्या वर्षी एक दिवस टाकी धुताना तिनं त्याला उचललं आणि कवचाची कड अंगठ्याखाली किंचित दबली. कासवाचं कवच दबतं होय? तिनं डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “म्हातारा होत असेल.”

“चार वर्षांचा? कासवं तीस तीस वर्षं जगतात म्हणे!”

“बघू नंतर,” डॉक्टर म्हणाला, आणि ते नंतर काही उगवलं नाही.

दोन महिन्यांनी ढब्बूच्या दोन्ही पापण्या सुजल्या आणि डोळे मिटले ते मिटलेच. तो काचेवर धडकायचा. तरी झाकण वाजलं की आवाजाच्या दिशेनं तोंड वासून यायचा, आणि मुलं चिमूट टाकत राहायची. सुट्टीच्या दिवशी मावशीनं प्लास्टरची बादली घासली, तळाशी ओला टॉवेल घातला, त्यात ढब्बूला ठेवलं आणि दोन बस बदलून जनावरांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरीण तरणी होती. तिनं ढब्बूला उलटा-पालटा केला, कवच दाबलं, पापण्या उघडून पाहिल्या.

“काय खातो?”

“सुकी कोळंबी.”

“आणखी?”

“आणखी... सुकी कोळंबी.”

“चार वर्षं? ऊन?”

“खिडकी आहे. पण तिला काच आहे.”

डॉक्टरीण ओरडली नाही, हेच मावशीला जास्त लागलं. तिनं शांतपणे सांगितलं की सुकी कोळंबी म्हणजे याच्यासाठी निव्वळ चटकमटक, त्यानं ना हाड धरतं ना डोळा. लहानपणी कासवाला मांस जास्त लागतं, पण मोठं झालं की निम्म्याहून जास्त पोट पाल्यानं भरायचं. सलाडची गडद हिरवी पानं, तळ्यातला हिरवा पाला, थोडं किसलेलं गाजर, लाल भोपळा. कासवांसाठीच्या गोळ्या मिळतात, त्या दिवसाआड, आणि त्याही त्याच्या डोक्याच्या आकाराएवढ्याच. पाण्यात समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा टाकून ठेवायचा, कवचाला लागतो. रोज थेट ऊन, काचेतून आलेलं चालत नाही, आणि तापलं तर सरकायला सावली. डोळ्यांत थेंब, दर आठवड्याला माझ्याकडे इंजेक्शन.

“आणि कोळंबी पूर्ण बंद. पाला लगेच खाणार नाही, रुसेल. दोन-तीन आठवडे राहिला उपाशी तरी मरत नाही, अंगावर भरपूर साठा आहे. पण मधे कुणी आवडीचं काही दिलं तर पाल्याला कधीच तोंड लावणार नाही. मग मात्र मी काही करू शकणार नाही.”

“पण तो मागतो हो,” मावशी म्हणाली. “माणूस दिसलं की काचेवर पाय मारतो.”

“मागणारच. पोट भरलेलं असलं तरी मागेल. माणूस आलं की खायला मिळतं, एवढंच शिकवलंय त्याला. थांबायचं ते आपण.”

परतीच्या बसमध्ये बादली मांडीवर घेऊन मावशी बसली होती आणि तिच्या डोळ्यांपुढे कासव नव्हतंच. नवरा होता. शेवटच्या वर्षी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. काय खायचं, काय नाही, याचा डॉक्टरांचा कागद तिनंच भिंतीवर चिकटवला होता. जगाला दाखवायला ती त्यावर बोट ठेवून वागायची. आणि तीच, दुपारी जेवायला घरी आली आणि सासू आडवी झाली की, दोन गोड बिस्किटं आणि जॅमचा एक चमचा त्याच्या हातात ठेवायची. एवढ्याशानं काय होतंय, असं स्वतःला सांगत. रोज. हे तिनं जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बरणी कपाटात घालून कुलूप लावलं. अकराच्या सुमारास एका मुलानं दात काढून घेतला, हूं की चूं केलं नाही, आणि ऐटीत टाकीपाशी आला. बरणी नाही. त्याचे ओठ थरथरायला लागले. डॉक्टर मागून आला.

“मावशी, बरणी कुठंय?”

“बंद केलीय. डोळे बघा त्याचे. कवच बघा.”

“अहो, पोराला कबूल केलंय आपण. एक चिमूट द्या. एवढ्याशानं काय होतंय?”

म्हणजे नेमकं तेच! मावशीनं हातातला ट्रे खाली आपटला.

“एवढंसं? दिवसाला तीस वेळा एवढंसं! प्रत्येकाचं एवढंसंच असतं हो, ज्याचं पोट आहे त्याचं किती होतं ते कुणी बघितलंय? या बायांना रोज भाषण देता ना, गोळी देऊ नका, बिस्किट देऊ नका, पोर रडलं तरी देऊ नका? आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आंधळा केलात त्याला! आंधळा! आणि वर टाळ्या वाजवतो आपण, काय गंमत, काय गंमत!” यानंतरचं ते न लिहिण्यासारखं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, पण आयांसमोर त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. “पेशंटसमोर तमाशा नकोय मला. मेलं तर दुसरं आणू. बाजारात ढिगानं मिळतात.”

मावशीनं तोंडावरचा मास्क काढला. टाकीत दोन्ही हात घालून ढब्बूला उचललं, फरशीभर पाणी सांडत बादलीत ठेवलं आणि दारात वळून म्हणाली, “दुसरं आणा. आणि त्याच्यासोबत दुसरी मावशीही आणा.”

घरी सासूनं बादलीत डोकावून विचारलं, “हे काय गं? धुवायचं की शिजवायचं?”

“जगवायचं,” मावशी खेकसली.

कपडे भिजवायचा मोठा टब गॅलरीत आला. एका बाजूला वीट, तिच्यावर ऊन. दुसऱ्या बाजूला फळी टाकून सावली. समुद्रफेसाचा तुकडा तरंगत ठेवला. दिवसातून दोनदा पापण्या पुसून थेंब, आठवड्याला इंजेक्शन. सलाडचं पान चिमट्यानं कडेला लावून पाण्यात सोडायचं, संध्याकाळी तसंच्या तसं, मऊ पडलेलं बाहेर काढायचं. गाजराचा कीस तळाशी बसायचा. ढब्बू त्यावर पाय ठेवून चालायचा.

“खा रे मेल्या!” तिसऱ्या दिवशी मावशी त्याच्यावर ओरडली. “तुझ्यापायी नोकरीवर पाणी सोडलंय मी, आणि तुला नखरे सुचतात!”

“उपाशी मारतेस बिचाऱ्याला,” आतून सासू म्हणाली.

“तुम्ही मधे पडू नका, आई.”

डॉक्टरचे दोन फोन आले, तिनं उचलले नाहीत. आठव्या दिवशी ढब्बूचा एक डोळा किलकिला झाला, नवव्या दिवशी दोन्ही. मावशीला वाटलं, आता सुटलो. पण आता तर तिच्या जिवाला खरा घोर लागला, कारण आता तो तिला बघायला लागला. ती गॅलरीत आली की मान ताणायचा, टबच्या कडेवर नखं खरवडायचा, थेट तिच्या तोंडाकडे बघायचा. पानाकडे ढुंकून नाही. मावशी आत जाऊन भांडी इतक्या जोरात घासायची की शेजारीण विचारायला आली, काही फुटलं का. आणि डॉक्टरिणीनं दिलेले आठवडे संपत चालले होते.

अकराव्या दिवशी ती ताजी पानं आणायला खाली गेली. पिशवी विसरली म्हणून अर्ध्या जिन्यातून परतली. गॅलरीत सासू टबावर वाकली होती. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात गोड बिस्किट. ती त्याचा चुरा पाण्यात सोडत होती आणि ढब्बू मटामटा खात होता.

“आई!”

म्हातारीच्या हातातून बिस्किट पडलं. “एवढंसंच दिलं गं.”

“कितीदा?”

“तू बाहेर गेलीस की.”

“म्हणजे रोज! कधीपासून?”

“आणलास तेव्हापासून. दिसत नव्हतं त्याला, तर मी तोंडाशी न्यायची.”

मावशीचा असा काही भडका उडाला की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. “अकरा दिवस मी पानं धुतेय! अकरा दिवस त्याच्या डोळ्यांत थेंब घालतेय, दगडाचं काळीज करून बसलेय, आणि तुम्ही माझ्या माघारी हे धंदे करताय? पाला कसा खाईल तो? सांगितलं होतं ना, मरेल म्हणून! मायेनं मारणार आहात तुम्ही त्याला, मायेनं!”

“ठाऊक आहे मला,” सासू म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. “मायेनं जीव जातो ते मला कुणी सांगायला नको. एकदा घेतलाय मी.”

मावशी कठड्याला टेकली.

“तू कामावर गेलीस की त्याला चहा करून द्यायचे. दोन चमचे साखर घालून. वर बिस्किटं. तू तो कागद लावलास, तोलून-मापून त्याचं ताट वाढायचीस, आणि मी तुझ्या पाठीमागं... तो नुसता दारात येऊन बघायचा गं. माझं पोर ते. कशी नाही म्हणू?” म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. “सहा वर्षं तू सगळ्या जगावर चिडतेस. मला वाटतं, हिला कळलंय. ही माझ्यावरच चिडतेय.”

खरं सांगायचं तर मावशीला त्या क्षणी हायसं वाटलं. आपण नाही, ही! सहा वर्षं जो गुन्हेगार ती स्वतःत शोधत होती, तो समोर उभा होता, आणि वर कबुलीही देत होता. नुसतं गप्प बसलं असतं तरी सगळं ओझं आयतंच उतरलं असतं. तिनं तोंड मिटलं. मग उघडलं.

“दुपारी तुम्ही आडव्या व्हायचात ना,” ती म्हणाली, “तेव्हा मी द्यायची. दोन बिस्किटं. आणि जॅम.”

सासूनं मान वर केली.

“म्हणजे सकाळी मी आणि दुपारी तू?”

“हो.”

“आणि तो दोघींकडून खाऊन गप्प?”

“एका शब्दानं बोलले नाहीत कधी.”

“लबाड मेला!” म्हातारी ओरडली. आणि मग तिचा मोर्चा सुनेकडे वळला. “आणि तू गं? तू द्यायचीस, तर मला एकटीला का जळू दिलंस सहा वर्षं? रात्र रात्र डोळा लागत नाही मला!”

“मला काय स्वप्न पडलं होतं तुम्ही देत होतात म्हणून? तुम्ही का नाही बोललात?”

“तुझ्या त्या तोंडाला घाबरून! कोण बोलेल तुझ्याशी?”

दोघी भांडल्या. मनसोक्त भांडल्या, रडल्या, गेलेल्याला दोघींनी मिळून शिव्या घातल्या, पुन्हा एकमेकींना घातल्या. समोरच्या खिडक्यांनी आता खुर्च्या ओढून घेतल्या होत्या. शेवटी सासूनं स्वयंपाकघरातून बिस्किटांचा डबा आणला आणि शेजारणीकडे देऊन आली. टबातलं सगळं पाणी मावशीनं फेकून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. नियम एकच केला. टबापाशी एकटीनं जायचं नाही. म्हातारीला सुनेची खात्री नव्हती आणि सुनेला म्हातारीची, आणि हे दोघींनी तोंडावर बोलून दाखवलं.

सात दिवस ढब्बूनं काही खाल्लं नाही, दिवसाआडची गोळीसुद्धा नाही. या सात दिवसांत तिसरा फोन आला, तो मावशीनं उचलला. डॉक्टर म्हणाला, बरणी टाकून दिली आहे, मुलांना आता रंगवायला कासवाचं चित्र देतो, दुसरं कासव आणलेलं नाही आणि प्लास्टर कुणालाच कालवता येत नाही. “खाल्लं की येते,” मावशी म्हणाली. “नाही खाल्लं तर?” डॉक्टरनं विचारलं. तिनं फोन ठेवून दिला.

आठव्या सकाळी दोघी टबाशेजारी बसल्या होत्या, सासू स्टुलावर, सून जमिनीवर. ढब्बू पानापाशी आला. नाक लावलं. मागं झाला. पुन्हा आला आणि पानाची कड जबड्यात धरून त्यानं हिसका दिला. पुढच्या नखांनी पान दूर ढकलत टरकन तुकडा तोडला आणि गिळला. मग दुसरा. अर्धं पान संपल्यावर त्यानं मान वर केली, दोघींना पाहिलं आणि टबाच्या कडेला पाय मारायला लागला.

“खाल्लं हो, आई! खाल्लं त्यानं!” मावशी हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. तिनं शेजारचा गोळ्यांचा डबा उघडला. “बघा कसा मागतोय. एक गोळी देते. आज शहाण्यासारखा वागलाय, बक्षीस म्हणून. एकच.”

सासूनं तिचं मनगट धरलं.

“आज गोळ्यांचा दिवस नाही.”

“एकच हो, आई.”

“नाही,” म्हातारी म्हणाली आणि पकड सोडली नाही. ढब्बू मागत राहिला. दोघींनी त्याच्याकडे बघत बघत त्याला काही दिलं नाही.